पूर्णिमाकाकूंची उडी

सुभानपुऱ्यातल्या शिर्क्यांच्या घरी रविवारी दुपारी देवपूजा, जेवणं आटोपली की टेबलावर फासे खुळखुळतात. काकूंचा मुलगा आशय मकरपुऱ्यात कारखान्यात नोकरीला. सुट्टीला तो मित्रांना खेळ खेळवतो. तो गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन त्या गोष्टीत वावरतात. पूर्णिमाकाकू आधी नुसतं सेवउसळ द्यायला यायच्या. एक गडी कॅनडाला गेला, त्याच्या खुर्चीत त्या बसल्या त्या बसल्याच.

त्यांचं पात्र म्हणजे तलवारबाज दुर्गा. तिनं तटावरून तटावर झेप घ्यावी, एवढीच त्यांची हौस. पण खेळात झेप ही खास करामत. ती घ्यायची तर आधी कसरतीचं शिक्षण झालेलं हवं. आणि पात्र एक पायरी वर चढलं की एकच गोष्ट मिळते, नवं शिक्षण नाहीतर करामत.

त्या दिवशी दुर्गा एक पायरी चढली. काकू हरखून म्हणाल्या, "झेप लिही रे."

आशयनं कागद पाहिला. "आई, कसरत कुठंय? स्वयंपाक, मलमपट्टी, सौदेबाजी... हे सगळं कधी घेतलंस?"

"तुमच्यात कुणाला येत नव्हतं ना," काकू म्हणाल्या. दर पायरीला, टोळीत जे उणं असेल ते त्यांनी घेतलं होतं. पातेल्यात उरेल ते आपलं, तसंच.

"जवा दे ने यार! जाऊ दे, देऊन टाक," आशयचा गुजराती मित्र कुशल म्हणाला. दिवाळीनंतर तो जर्मनीला जाणार, मग खेळ मोडणार. पुढची पायरी येईलच असं नव्हतं.

आशयही विरघळला. "चल आई, कसरत आहे असं धरू."

काकूंचा जीव झेपेत अडकला होता, तरी मान हलली नाही. "संकष्टीला चंद्र उगवला असं धरून जेवते का मी?"

"मग काकू, कुलपं उघडायला शिका ना," टोळीतल्या श्रद्धानं गळ घातली. "कुणालाच येत नाही. समोर किल्ल्याचं दार बंद आहे."

काकूंच्या तोंडावर 'बरं' आलंच होतं. त्यांनी ते गिळलं. पेन्सिल आशयच्या हातून घेतली आणि स्वतःच लिहिलं: कसरत.

"अन् दार?" कुशल कळवळला.

"तुला हात नाहीत? तू शीक."

"आई, झेप मिळाली नाही तर?"

"नाही मिळाली तर नाही. शिकले तर खरी."

दार उघडेना, तेव्हा दुर्गा तटाला भिडली. काकूंनी फासा टाकला. झेप नव्हतीच. एका खाचेतून दुसऱ्या खाचेत बोटं रुतवत, मध्येच घसरत, ती वर पोचली. खाली टोळी माना वर करून उभी होती.

"आता दोर टाका ना, काकू," श्रद्धा म्हणाली.

"टाकते गं," काकू म्हणाल्या, "जरा इथून बघू दे."