सुभाषची मूठ

आमच्या मोठमायला सुरतेत येऊन अर्धं आयुष्य झालं होतं, तरी गुजरातीचा एक शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. हिंदीचंही तेच. दूधवाल्याशी ती अहिराणीत बोलायची, रेशनवाल्याशी अहिराणीत भांडायची. कुठं दुखतं ते डॉक्टरला अहिराणीत सांगायची आणि त्याला कळलं नाही तर तेच पुन्हा मोठ्यानं सांगायची. गंमत अशी, की तिचं काही अडायचं नाही. अडायचं ते समोरच्याचं. आमच्या गल्लीत लारी, म्हणजे हातगाडी, घेऊन येणारा काठियावाडी भाजीवाला तिच्यापायी अहिराणी शिकला होता. "भेंडी ताजी शे मोठमाय, लई जा," म्हणायचा. ती म्हणायची, "ताजी शे, मंग हात काबरं लावू देस नही?" मग हात का लावू देत नाहीस?

मी लग्न होऊन सुरतेतल्या उधन्याला आले ती नव्वदीच्या सुरुवातीला. अमळनेरकडच्या एका लहानशा खेड्यातली मी. जळगावसुद्धा एकदाच पाहिलेलं. स्टेशनवरून चालत चाळीत आलो तर पायाखालची जमीन थरथरत होती. मला वाटलं, माझेच पाय कापताहेत. पण खोलीतल्या फळीवरची भांडीसुद्धा किणकिण करत होती. आमचे हे म्हणाले, मागं लूमची खाती आहेत, कापड विणायचे कारखाने, चालूच असतात, आठ दिवसांत ऐकू येणार नाही. आणि दुसऱ्या सकाळी पाळीवर निघून गेले. मी दार लावून बसले. बाहेर बायका काय बोलतात कळेना. शेजारच्या गुजराती वहिनीनं प्रेमानं वाटीभर डाळ आणून दिली, तर ती गोड. डाळीत गूळ! खरं सांगते, त्या गोड डाळीनं मला जेवढं रडू आलं तेवढं सासरी निघताना आलं नव्हतं.

दार वाजलं ते तेव्हाच. उंच, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू, हातात कात्री. साड्यांच्या पाठीमागचे सुटे धागे कापायचं काम ती घरी आणून करायची, त्यामुळं कात्री सदा हातात. नाव-गाव काही नाही, सरळ विचारलं, "कोनी शे व तू?" कोणाची आहेस तू? मी माहेरचं गाव सांगितलं. तिनं त्या गावातली तिच्या चुलत नणंदेची जाऊ काढली, आणि झालं, मी तिची झाले. चाळीत नवीन कोणीही उतरलं की मोठमाय असंच करायची. तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडं आईच्या थोरल्या बहिणीला मोठमाय म्हणतात, तशी ती सगळ्यांचीच.

तिची अहिराणी इथं सगळी जशीच्या तशी लिहिली तर तुमच्यातल्या निम्म्यांना कळणार नाही, म्हणून यापुढं आपल्या साध्या मराठीत लिहिते. पण तिचा ठसका त्यात यायचा नाही, ते तुम्ही समजून घ्या.

नव्या माणसाला तिची एकच शिकवण असायची. ती म्हणायची, "जायचा रस्ता कुणीपण दाखवील. परत यायचा रस्ता पाठ कर." पहिले दोन दिवस तिनं मला हाताला धरून बाजारात नेलं आणि येताना मागं राहून मला पुढं चालवलं. मला वाटायचं, काय ही बाई, मी काय लहान पोर आहे? तिसऱ्या दिवशी तिला न सांगता एकटीच गेले. खूण मी माझ्या डोक्यानं ठेवली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाला होता, त्यात मिलचं रंगाचं पाणी यायचं. निघाले तेव्हा नाला गुलाबी, अगदी लग्नातल्या गुलालासारखा. म्हटलं, गुलाबी नाला आला की वळायचं, यात चुकायचं काय?

भाजी घेऊन परत निघाले तर गुलाबी नाला कुठंच नाही. एक हिरवा लागला, तो सोडून पुढं गेले. पुढं एक निळसर. मग नुसत्या भिंती आणि भिंतींच्या आत खडखडाट. कुणाला विचारायचं तर काय विचारायचं? पत्ता मला ठाऊक नव्हता, "आमच्यांचं घर" एवढंच ठाऊक. उन्हं कलली. एका पानाच्या टपरीपाशी मी पिशवी पोटाशी धरून उभी राहिले आणि तिथंच रडायला लागले. तेवढ्यात लांबून मोठमायची हाक आली. ती अनवाणी पळत होती, केस सुटलेले, आणि दिसेल त्याला अहिराणीत विचारत होती, आमची सून पाहिली का. मला पाहिल्यावर तिनं आधी पाठीत एक धपाटा घातला आणि मग मला असं काही धरलं की माझा श्वास कोंडला. हिरवा नाला आमचाच होता. मिलमध्ये दुपारून दुसरा रंग काढला होता, एवढंच. चाळीतल्या बायका कितीतरी दिवस मला हसत होत्या. मोठमाय मात्र हसली नाही.

आमच्या ह्यांनी मग सांगितलं. मोठमायचा थोरला सुभाष असाच एका सकाळी मिलमध्ये कामावर म्हणून गेला आणि परत आला नाही. भांडण नाही, तंटा नाही, डबा घेऊन गेला. मिलवाले म्हणाले, आलाच नव्हता. पोलीस, दवाखाने, गावाकडचे नातेवाईक, सगळं करून झालं होतं. मी यायच्या आधीची गोष्ट. धाकटा वसंत आणि नवरा, ज्यांना सगळे बाबा म्हणत, दोघं लूमवर. घरात सुभाषचं नाव कुणी काढत नसे. वर्षातून एकदा सोडून.

ते एकदा म्हणजे श्रावणातली कानबाई. आम्हा खानदेशी लोकांची देवी; नारळाला डोळे-नाक लावून, नथ घालून मांडतात आणि दुसऱ्या दिवशी नदीवर बोळवतात. आमच्या बायकांना त्याचा मोठा दिलासा, की नदी इथंही तापीच. तर या कानबाईचे रोट असतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं मूठभर गहू काढायचे. ते दळून त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्या, करायचे. मूठ म्हणायचं, मोठमायच्या घराण्यात मात्र भरली ओंजळ घ्यायची रीत होती. आणि नेम कडक. ते पीठ पौर्णिमेच्या आत संपवायचं, टाकायचं नाही, आणि भाऊबंदांच्या बाहेर, दुसऱ्या आडनावाच्या माणसाला घासही द्यायचा नाही. जिवंत पुरुषाचीच मूठ काढायची. गेलेल्याची काढत नाहीत.

माझ्या पहिल्या श्रावणात मी तिच्या दारात बसून गहू निवडत होते. तिनं नावं घेतली. बाबांचं, वसंतचं. मग दोन्ही हात गव्हात घालून मोठ्यानं म्हणाली, "सुभाष." बाबांनी भिंतीकडं तोंड केलं.

सुभाषच्या वाट्याचे रोट ती स्वतः खायची. वसंतला, बाबांना हात लावू द्यायची नाही. म्हणायची, "मी त्याला पोटात वागवलंय, त्याचा घास माझ्या पोटात गेला तरी देवीला चालेल." हे ती सांगायची हसत, पण खाणं सोपं नव्हतं. पोटाचा तिला जुना त्रास. घरच्यांचं जेवण उरकलं, की ती सुभाषच्या नावाचा रोट दुधात कुस्करून घेऊन बसायची आणि एकेक घास पाण्याबरोबर उतरवायची. पौर्णिमा जवळ आली की दोन्ही वेळा. मी समोर बसून भाजी निवडायचं, लसूण सोलायचं निमित्त काढायचे. एकदा न राहवून म्हटलं, मोठमाय, दे इकडं, मी संपवते, देवीला काय कळतंय. तिनं ताटली माझ्यापासून लांब सरकवली. रागानं नाही. लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घ्यावी तशी.

एका हिवाळ्यात कुणीतरी खबर आणली, बारडोलीकडं ऊसतोडीच्या झोपड्यांत सुभाषसारखा माणूस पाहिला. बाबा आणि वसंत पाळीवर, म्हणून मी तिच्याबरोबर बसनं गेले. माणूस भेटला. उंची तीच, म्हणे. चेहरा मात्र दुसऱ्याच कुणाचा. मोठमायनं त्याला आईचं गाव विचारलं, बांधून नेलेल्या भाकरी आणि तिळाची चटणी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "आईला कळव रे, कुठं आहेस ते." येताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मी नुसता तिचा पदर धरून बसले होते, माझ्याच आईचा धरावा तसा.

प्लेगच्या वर्षी, चौऱ्याण्णवला, तर कहर झाला. सकाळी उठावं तर शेजारची खोली बंद, संध्याकाळी तिच्या पलीकडली. तोंडाला रुमाल बांधून लोक मिळेल त्या गाडीनं गावाकडं निघाले. कधी नव्हे ती लूमची खाती थांबली, आणि ती शांतता त्या खडखडाटाहून भयंकर वाटली. माझी मुलगी तेव्हा मांडीवर. मी मोठमायच्या विनवण्या केल्या, वसंतनं केल्या, बाबा रागावले. ती आपली दारात बसून धागे कापत होती. म्हणाली, "तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? त्याला वाटेल, घरचेच मेले." शेवटी वसंत गेला, बाबा तिच्यासाठी राहिले. महिन्याभरानं आम्ही परत आलो तर साऱ्या चाळीत तिचं एकटीचं दार उघडं. कोणी आलं नव्हतं.

बाबा गेले ते त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, खोकल्यानं. वसंतचं लग्न झालं होतं, त्यानं गावाकडं दुकान टाकायचं ठरवलं. त्या श्रावणात कानबाईला मोठमायचे थोरले दीर गावाहून आले. घरात आता तेच मोठे. मुठी काढताना दिरांच्या आणि वसंतच्या नावानंतर मोठमायचे हात तिसऱ्यांदा गव्हात गेले तसे ते म्हणाले, "आता पुरे. देवीसमोर खोटी मूठ काढू नये. घराण्याला बाधतं."

खोलीत बायका होत्या, त्या भिंतीकडं सरकल्या. मोठमाय कधी दिरासमोर वर मान करून बोललेली मी पाहिली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, हात गव्हातच ठेवले आणि म्हणाली, "भाऊजी, तो गेला म्हणता?"

त्यांनी कानबाईकडं बघितलं.

"गेला असेल तर उद्या त्याचं दहावं घाला. पिंड तुम्ही द्या. मी मूठ सोडते."

थोरले दीर आपल्या उपरण्याचं टोक चाचपत राहिले. वसंतकडं बघितलं, वसंतनं खाली बघितलं. दहावं घाला म्हणायची हिंमत कुणाची होणार? मीसुद्धा तिथंच होते, आणि मला दोन्ही वाटत होतं. हिनं हात काढून घ्यावा, आणि काढू नये. शेवटी दीर उठून बाहेर गेले. मोठमायनं ओंजळ भरून सुपात टाकली. तेव्हा तिला रडू आलं. आम्हाला वाटलं होतं, ती जिंकली.

दिवाळीआधी वसंत तिला गावाला घेऊन गेला. खोली सोडावी लागणार, म्हणून ती चाळीतल्या प्रत्येकाला गावाचा पत्ता सांगत फिरत होती, भाजीवाल्याला सुद्धा. स्टेशनवर मला जवळ घेऊन म्हणाली, "त्याला परत यायचा रस्ता ठाऊक आहे, पण घरच हललं. तू जागा सोडू नकोस." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पुढं आम्हीही सुरतेतच डिंडोलीला घर घेतलं. निघताना मोठमायच्या खोलीतल्या नव्या भाडेकऱ्याला, ओडिशाकडचा होता बिचारा, मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं समजावून सांगितलं. तो मान हलवत होता. त्याला काय कळलं असेल, देव जाणे.

मोठमाय गावीच वारली. कळलं तेव्हा सगळं उरकून गेलं होतं. नंतर एकदा वसंत कापड घ्यायला सुरतेला आला तेव्हा घरी जेवायला थांबला. चांगला मुलगा, आईसारखाच उंच. वाढता वाढता मी विचारलंच, का रे, कानबाईला सुभाषची मूठ काढता का?

तो घास हातात धरून थांबला. म्हणाला, "आई होती तोवर काढली, मावशी. आता काढून खाणार कोण?"

मी त्याच्या ताटात भात वाढला. सुभाषचा रोट मी खाल्ला असता हो. पण आमचं आडनाव वेगळं.