बाबांनी काढलेला व्हॉल्व्ह

माझ्या मैत्रिणीला घरात बारकी म्हणतात. घरात सगळ्यांत उंच तीच आहे. ती बस डेपोत इंजिनं दुरुस्त करते. कुणी विचारलं नाही तरी सांगते.

तिच्या वडिलांचा एक जुना डिझेल ट्रक आहे. लांब नाकाचा. दार आपटल्याशिवाय लागत नाही. ते त्यातून खडी वाहतात. गेल्या वर्षी जवळची खाण बंद झाली. नवी खाण डोंगरापलीकडे. तेव्हापासून गाडी उकळायला लागली. सपाटीवर शहाण्यासारखी चालायची. चढ लागला की काटा लाल पट्टीत आणि बॉनेटमधून वाफ. इतर ड्रायव्हर तिला किटली म्हणू लागले. वडील हसण्यावारी न्यायचे. मग एकदा भर चढावर गाडी बसली आणि माल दुसऱ्याच्या गाडीत भरावा लागला. त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. सकाळी उठून भंगारवाल्याला सांगून आले. सोमवारी तो गाडी नेणार होता.

बारकीने वडिलांकडे फक्त रविवार मागितला. ती इंजिन शिकली ती याच गाडीखाली झोपून.

मी गेले तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. रेडिएटर आधीच धुऊन झाला होता. पाण्याचा पंप नवा होता. पंख्याचा पट्टाही बदललेला. प्रत्येक मिस्त्रीने त्याला येत होतं तेवढं केलं, असं ती म्हणाली, आणि एकेकाची नक्कल करून दाखवली. मग तिने गाडी चालू केली आणि चांगली तापू दिली. रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावला आणि झटकन मागे घेतला. खालच्या पाइपला लावला तो तिथेच ठेवला. मलाही लावायला सांगितला. पाइप जेमतेम कोमट होता. म्हणजे रेडिएटर स्वच्छ, पंप नवा, तरी पाणी रेडिएटरमधून फारसं जातच नव्हतं. मग जातं कुठे, असं तिने मला विचारलं. मला कुठून माहीत असणार. तिला तेच हवं होतं.

इंजिन निवल्यावर तिने वरच्या पाइपच्या तोंडाशी असलेलं झाकण खोललं. तिथे थर्मोस्टॅट असतो. ड्रायव्हर त्याला व्हॉल्व्ह म्हणतात. मुठीत मावेल एवढी पितळी वस्तू. इंजिन गार असेपर्यंत पाणी अडवते, तापलं की सोडते. झाकणाखाली काहीच नव्हतं.

बारकीने झाकण बाजूला ठेवलं. व्हॉल्व्ह कुणी काढला ते तिला माहीत होतं. ते ट्रक उभे राहतात त्या यार्डात सगळ्यांनाच माहीत होतं. पाणी अडवणारी वस्तू ठेवायचीच कशाला, हा तिच्या वडिलांचा शोध होता. त्यांच्या आधीच्या गाडीत तो लागूही पडला होता. त्यांनी तो मोकळ्या मनाने वाटला. निम्म्या यार्डाने व्हॉल्व्ह काढून फेकले. अडलेला ड्रायव्हर अजूनही आधी त्यांच्याकडे येतो, तो या युक्तीमुळेच.

मी तिला म्हटलं, गुपचूप नवा बसवून टाक.

"गुपचूप कशाला?" ती म्हणाली. "मी शोधलंय, चोरलं नाहीये."

तिने दुकान उघडायला लावून नवा व्हॉल्व्ह आणला. तो दोऱ्याला बांधून आईच्या दुधाच्या पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि गॅस पेटवला. आता इंजिन उकडून वाढणार का मला, असं आईने विचारलं. तेवढ्यात वडील स्वयंपाकघरात आले.

"काय शिजतंय?"

"तुम्ही फेकलं होतं ते."

वडिलांना समजायला वेळ लागला नाही. "तू बोबडं बोलत होतीस ना, तेव्हापासून मी गाडी हाकतोय," ते म्हणाले.

"ती गाडी वेगळी होती, बाबा. इथे बघा."

पाणी तापलं. व्हॉल्व्हची वरची चकती हळूहळू उघडली आणि खालची तेवढीच खाली सरकली. वरची रेडिएटरची वाट मोकळी करते, खालची रेडिएटर टाळणारी आडवाट बंद करते, असं बारकीने सांगितलं. या इंजिनात व्हॉल्व्ह काढला की आडवाट कायमची उघडी राहते. मग बरंचसं पाणी सोप्या वाटेने इंजिनातल्या इंजिनातच फिरत बसतं. सपाटीवर ते खपतं. चढावर नाही.

वडिलांनी पाणी ओतून टाकायला लावलं. गार पाणी घ्यायला लावलं. पुन्हा तापवायला लावलं. पुन्हा वाकून बघितलं.

"बसव," ते म्हणाले. "पण उद्या पूर्ण माल भरून चढ चढायचा. उकळली तर गाडी तिथूनच भंगारात."

सोमवारी आम्ही तिघं केबिनमध्ये होतो. चढ लागला. वडील रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होते. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. शेवटच्या वळणावर जरासा हलला. बारकीने माझा हात इतका दाबला की बोटांना मुंग्या आल्या. काटा परत मध्यावर आला.

माथ्यावर गाड्या निववायची जागा आहे. आम्हाला थांबायची गरज नव्हती. वडील थांबले. किटली हे नाव ठेवणारे मिशीवाले काका सवयीने पाण्याचा कॅन घेऊन पुढे आले. वडिलांनी बॉनेट उघडलं. वाफ आली नाही.

"व्हॉल्व्ह काढा, असं मीच सांगितलं होतं ना सगळ्यांना?" वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ते चुकीचं होतं. माझ्या पोरीने शोधून काढलं."

"म्हणजे इतके दिवस आम्ही तुमच्या शब्दावर पाणी ओततोय?" काका म्हणाले. आधी मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच. वडीलही. चूक सांगताना माणूस अशी छाती काढून उभा राहतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

काकांनी विचारलं, मग आता आमच्या गाड्यांचं काय.

"तिला विचारा. मी तिचा ड्रायव्हर."

बारकीने काकांकडून गाडीची किल्ली मागून घेतली. वडील बाजूला जाऊन भंगारवाल्याला फोनवर सांगत होते की येऊ नकोस, गाडी द्यायची नाही. आणि तुझा टेम्पो तापत असेल तर इकडे पाठव, आमच्या बारकीला दाखवू.