स्टुलाखालचं खोकं

डॉक्टरांनी माझ्या थोरल्या बहिणीला फसवलं आणि मी डॉक्टरांना फसवलं. माझा गुन्हा मी भावकीसमोर कबूल केला आहे. त्यांचा अजून कोणी केलेला नाही.

मी घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करायचो. आई लवकर गेली, आक्कानंच मला वाढवलं. माझं पहिलं गोऱ्हं तिनं नथ मोडून घेऊन दिलं. पुढं दावण भरली ती माझ्या जिभेवर, पण सुरुवात त्या नथीची. बाहत्तरच्या दुष्काळात ती मला न सांगता खडी फोडायला गेली. विधवा बाई, भावाचं बसून खाणं तिला पटेना. दमा आधीचाच होता, त्या धुळीनं तो वाढला. रात्र रात्र भिंतीला टेकून बसायची. उंबरा ओलांडला तरी छातीत शिट्टी वाजायची. मग मी तिला माझ्या घरी आणलं.

त्याच सुमारास शहरातले डॉक्टर दम्याची नवी गोळी घेऊन दर बाजाराला आमच्या दवाखान्यात येऊ लागले. गोळी फुकट. बदल्यात छाती तपासू द्यायची, नळीत फुंकायचं, ते वहीत लिहिणार. टेबलावरच्या खोक्यातून काहींना तांबड्या दोऱ्याची पुडी मिळे. काहींना मागं वाकून, स्टुलाखालच्या खोक्यातून निळ्या दोऱ्याची. आक्काला तांबडी आली.

मी विचारलं, "दोन खोकी कशाला?"

"दोन्ही औषधंच आहेत," वही लिहिणारा तरुण डॉक्टर म्हणाला.

"मग एकातनंच द्या की सगळ्यांना."

"पाहुणे, तुम्हाला बैलांतलं कळतं ना? हे आमच्यावर सोडा."

रांगेतली माणसं हसली. माझं डोकं फिरलं. पण बाजारात मी एक गोष्ट शिकलो होतो. चांगलं जनावर कोणी पुढं बांधत नाही. पुढं मरतुकडं दाखवायचं आणि खरं मागं, झाडाच्या आडोशाला ठेवायचं, ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी. मी मनाशी म्हणालो, खरा माल स्टुलाखाली आहे.

बाहेर लिंबाखाली शेळ्या विकणारा एक म्हातारा धापा टाकत बसला होता. त्याच्या हातात निळी पुडी होती.

"बाबा, पुडी बदलता का?"

"का रं? माझीत सोनं हाय व्हय?"

"आक्काला निळा रंग लाभतो."

"लाभतो म्हनं! दलालाची जात तुझी, उगं कशाला मागशील? वर काय देतो ते बोल."

वर शेळ्यांना नवी दावी दिली. आक्का माझी बाही ओढत होती. "आरं, त्यांनी माझ्या नावानं दिली हाय. आसू दे ती."

"गप बस आक्का, तुला त्यातलं कळत नाही."

हे मी बोललो. वही लिहिणाऱ्यानं मला जे ऐकवलं, तेच मी तिला ऐकवलं.

त्यानंतर दर बाजाराला अदलाबदल चालली. महिन्याभरानं म्हातारा शेळ्या हाकत, मध्ये कुठंही न टेकता आला. "गड्या, तुझी तांबडी लई कडू हाय, पर छाती मोकळी झाली बघ." मला वाटलं, हा मला डिवचतोय. मी पुडी परत मागावी आणि यानं वर आणखी काही उकळावं. मी हसून पुढं गेलो.

घरी आक्काला विचारलं, "तुझी गोळी कशी लागते?"

"गोडूस हाय. बरं वाटतंय की."

मी समोर उभा असलो की ती बरंच वाटतंय म्हणायची.

ती भर दुपारी गेली, ओट्यावर, माझ्या खांद्याला धरून. तोंड उघडं होतं, पण हवा आत जात नव्हती. पदराच्या गाठीत दोन गोळ्या शिल्लक होत्या.

पुढं डॉक्टरांचं काम आटोपलं तेव्हा मी दवाखान्यात गेलो. तोच तरुण डॉक्टर टेबलाशी होता. त्यानं आक्काचा नंबर काढला आणि म्हणाला, "वाईट झालं. त्या तर औषधावर होत्या."

"म्हणजे? बाकीचे कशावर होते?"

"आता सांगायला हरकत नाही. तांबड्या पुडीत औषध होतं. निळीत नुसती पिठीसाखर. तुलना करायची तर तसंच करावं लागतं. कोणती कशाची, हे आम्हालाही परवाच कळलं."

मी त्याची कॉलर धरली आणि लिंबाखालचं सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता वहीतली नोंद खोडेल. त्यानं वही मिटली. "कागद वर गेलेत. आता नोंद बदलता येत नाही."

त्या नोंदीत माझी आक्का औषध घेता घेता मेली आहे आणि तो म्हातारा साखर खाऊन बरा झाला आहे. त्यावरून कुठल्या तरी शहरात कोणी ठरवणार, की ही गोळी दम्यावर चालते की नाही.

म्हाताऱ्याचा मला राग नाही. त्यानं सरळ सौदा केला. बदललेल्या पुडीचा जाब मी रोज त्या ओट्याला देतो. पण कोणती कशाची ते ठाऊक नसलं, तरी एका खोक्यात औषध नाही एवढं त्या तरुण डॉक्टरला ठाऊक होतं. मी तोंडावर विचारलं होतं. एकात काहीच नाही म्हणाला असता, तर मी आक्काला हाताला धरून घरी नेलं असतं. "दोन्ही औषधंच आहेत" असं का सांगितलं, याचं उत्तर मला त्याच्याकडून हवं आहे. आणि त्या वहीत आक्काच्या नंबरापुढं खरं काय ते लिहून हवं आहे, त्याच्याच हातानं, माझ्यासमोर.