डोलीची मजुरी
मोहाच्या फुलांचा वास सुटला की मला मोखाड्याची ती बैठक आठवते. आमच्या पाड्यांवरच्या आरोग्याच्या कामाचं वर्षाचं बजेट ठरत होतं, आणि पत्र्याची खोली नुसती भट्टी झाली होती. हिशेब बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजाऱ्यांना आणायच्या जीपवर फार पैसा जातो. डोली फुकट पडते, तर जीप बंद करू." माझी सून आठव्या महिन्यात होती आणि दवाखाना तीन डोंगर पलीकडे. मी चौथी नापास, तरी उभा राहिलो. "बाई, बांबूला घोंगडी बांधून माणूस न्यायला चार गडी लागतात. त्यांचा दिवस मोडतो." "मग मजुरी किती घेता, काका?" आता आमच्यात आजाऱ्याला खांदा दिल्याचे पैसे कोणी घेत नाही, घेणाऱ्याच्या घरचं पाणी कोणी पीत नाही. म्हणून तर कागदावर डोलीपुढे शून्य होतं. शेजारी बसलेला माझा साडू कुजबुजला, "गप बस, तोंड काळं करशील." मी म्हणालो, "लिवा. चार गडी, भातलावणीची मजुरी, पुरा दिवस." बाईंनी दोनदा बेरीज केली, डोली जीपहून महाग निघाली, आणि जीप राहिली. सून सुखरूप बाळंत झाली. पुढं पावसात ओढा चढला, जीप पल्याडच थांबली, तेव्हा एका म्हातारीला डोलीत न्यायला मी पुढं झालो, तर एक गडी सगळ्यांदेखत बोलला, "तुमची मजुरी आमाला परवडायची नाय, दादा." मी मागं सरलो नाही, खांदा लावलाच. आता कमरेतून वाकलोय, पण कोणी विचारलं तर तोच आकडा पुन्हा सांगेन.