अबुधाबीत ऐकलेली हद्दपार बापाची गोष्ट

शारजाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडावं तशी गरम हवा तोंडावर आली. साल अठ्ठ्याण्णव, एप्रिल नुकता लागलेला. धाकटा भाऊ श्रीकांत न्यायला आला होता. शेजारी त्याची चौदा वर्षांची मुग्धा, मान खाली घालून. नववीत ती दोन विषयांत नापास झाली होती. तिला मी सांगलीला आमच्या, म्हणजे मी शिकवते त्या शाळेच्या वसतिगृहात न्यायचं, हे श्रीकांतने फोनवरच ठरवून टाकलं होतं.

अल मजाजमधलं त्यांचं घर नवव्या मजल्यावर. खिडकीतून खाडीचं हिरवं पाणी दिसतं. माझी भावजय वृंदा हिने सुरमई तळली होती, बरोबर खबूस (मऊ अरबी रोटी). पण टेबलावर आवाज फक्त ताटांचा. बापलेकीत अबोला होता. "पाणी दे" हेसुद्धा माझ्यामार्फत.

शुक्रवारी श्रीकांत आम्हा दोघींना अबुधाबी दाखवायला घेऊन निघाला. वृंदाची दवाखान्यात ड्युटी होती. दोन तास रस्ता, दोन्हीकडे वाळू, मध्येच नळीच्या पाण्यावर जगवलेल्या खजुरांच्या रांगा. एसी सुरू असूनही गाडीत घुसमटत होतं.

दुपारचं जेवण श्रीकांतचे वरिष्ठ, कोरियन इंजिनियर किमसाहेब यांच्याकडे. भाताबरोबर किमची (आंबवलेला तिखट कोबी) होती. भिंतीवर त्यांच्या मुलाचा फोटो. तो कोरियात, सोल शहरात आजोबांकडे शिकत होता.

"मीही हिला इंडियाला पाठवतोय," श्रीकांत म्हणाला.

त्यावर किमसाहेबांनी इंग्रजीतून एक गोष्ट सांगितली. दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या देशात एक विद्वान अधिकारी होता. दरबाराची मर्जी फिरली आणि त्याला दूरच्या किनाऱ्याकडे हद्दपार केलं, अठरा वर्षं. घरी दोन मुलगे. बापाच्या दोषामुळे त्यांना नोकरीची दारं बंद. तरी त्याने पत्रांतून त्यांना शिकवलं: काय वाचायचं, टिपणं कशी काढायची, भाजीचा मळा कसा राखायचा. आळस दिसला की पत्रातूनच कान उपटायचा. बायकोने आपला विटलेला लग्नातला घागरा पाठवला. तो कापून त्याने छोट्या वह्या शिवल्या आणि मुलांसाठी उपदेश लिहिला.

"बघ," श्रीकांत मुग्धाला म्हणाला. आठवड्यात प्रथमच तिच्याशी थेट बोलला. "याला म्हणतात शिस्त."

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. किमसाहेबांना विचारलं, "डिड द सन्स राइट बॅक? व्हॉट डिड दे से?"

किमसाहेबांनी वाटी खाली ठेवली. "त्यांची उत्तरं मी कधी वाचली नाहीत. शाळेत आम्हाला बापाचीच पत्रं होती." मग फोटोकडे बघत हळूच म्हणाले, "माझा मुलगा दोन ओळी लिहितो. मी ठीक आहे, म्हणतो."

परतताना पेट्रोल पंपावर थांबलो. मुग्धा पाणी प्यायला उतरली ती परत गाडीत बसेना.

"यल्ला (चल), बस आत."

"आय वोन्ट."

श्रीकांत तिचा दंड धरायला झेपावला. ती मागे सरली, आणखी मागे, थेट रस्त्याच्या कडेला. एक ट्रेलर कर्कश हॉर्न देत तिच्या पाठीमागून गेला. तिची ओढणी वाऱ्याने उडाली. मी किंचाळले. श्रीकांतने दोन्ही हात खाली सोडले.

मग तो म्हणाला, "तिकडे मी पत्र लिहिलं, तर काय उत्तर देशील?"

"बरी आहे, म्हणून लिहीन." ती आता मराठीत बोलत होती. "आणि बाबा, तू ते खरं मानशील."

श्रीकांत म्हणाला, "गणित मी घेईन संध्याकाळी."

"यू विल शाउट."

"ओरडेन. पण तू इथेच राहा."

ती येऊन मागे बसली.

आठ दिवसांनी मी एकटीच परतले. त्या अधिकाऱ्याला राजाचा हुकूम होता. लेकरांना पत्रांतून वाढवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. श्रीकांतला हुकूम कुणी दिला होता? आणि त्याला हो म्हणणारी मी तरी कोण?

रविवारी नेहमीप्रमाणे वसतिगृहातल्या मुलींची घरी जाणारी कार्डं माझ्याकडे तपासायला आली. वीस वर्षं मी त्यांतलं शुद्धलेखन बघत आले आहे. पहिल्याच कार्डावर होतं, 'आई, मी मजेत आहे. काळजी नसावी.' ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर होतं. मी लाल पेन मिटलं आणि त्या मुलीला बोलावून घेतलं.