टाकीच्या पाण्याचा फोटो

गुडगावात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा सोसायटीच्या चारही बाजूंना खोदकाम चालू होतं. पुण्याची नोकरी सोडून मी इथल्या एका कॉम्प्युटर कंपनीत आलो होतो. हातात पहिल्यांदाच चार पैसे खेळत होते आणि रविवारचं काय करायचं ते कळत नव्हतं. दिल्लीच्या पहाडगंजातून एक जुना मायक्रोस्कोप आणला. कॅमेऱ्याची लेन्स काढून तो पुठ्ठ्याच्या नळीने मायक्रोस्कोपला जोडला आणि सापडेल त्याचे फोटो काढू लागलो. पहिले दोन रोल काळेच आले.

तिसऱ्या रोलमधला एक फोटो स्वच्छ निघाला. आमच्या नळाच्या पाण्याच्या थेंबात एक काचेसारखा आरपार जीव, पोटात हिरवे ठिपके, तोंडाभोवती केसांची झालर. मी तो मोठा करून आणला. बायकोने विचारलं, "ड्रॉपर धुतला होतास का?" मी हो म्हटलं. खरं तर आठवत नव्हतं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तो फोटो फिरवला. चारजणांनी कौतुक करावं, एवढंच मनात होतं. पण लोक घाबरले. टाकी कोण धुतं, असं कुणीतरी विचारलं. पंप आणि टाकी सांभाळणारा पानिपतकडचा माणूस दाराशीच उभा होता, पन्नाशीचा. टाकी परवाच धुतली आहे, वर चढून बघा, असं तो म्हणाला. कुणी चढलं नाही. मीही नाही. सेक्रेटरींनी फोटो त्याच्यापुढे धरला. त्याने तो लांब धरून बराच वेळ पाहिला आणि परत दिला. महिनाअखेरीस त्याला काढायचं ठरलं.

पुढच्या रविवारी मी उकळलेलं पाणी पाहिलं. त्यातही तोच जीव. मग खिडकीतल्या मनीप्लँटच्या बाटलीतलं पाणी पाहिलं, तर तिथे त्यांची जत्रा भरलेली. मी एकच ड्रॉपर सगळीकडे बुडवत होतो.

महिना संपायला अजून आठ दिवस होते. मी सेक्रेटरींच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि बेल न वाजवता परतलो. सगळे मला आता जाणकार समजत होते, आणि ते मला आवडत होतं. तो माणूस गेल्यावर मग सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "अब छोड़िए, नया आदमी लग गया है।"

काही महिन्यांनी तो जुना पंपवाला मला एका बांधकामावर सिमेंटच्या गोण्या राखताना दिसला. गाडी थांबवून मी त्याला सगळं सांगितलं, मनीप्लँटसकट.

"पर फोटो में तो कीड़ा था ना, साहब," तो म्हणाला. "मैं यही सोचता रहा, सफाई में मुझसे कहाँ छूट गया।"

मला वाटलं होतं, तो माझ्यावर चिडून असेल. तो इतके दिवस स्वतःच्याच हातांना दोष देत होता.

पुढच्या मीटिंगमध्ये मी उभा राहून चूक कबूल केली. लोकांनी ऐकून घेतलं आणि विषय पार्किंगकडे वळला. त्याला परत घेतलं नाही.