बसून वाजवायचं वाद्य

फौजेच्या बँडात भरती व्हायला निघालो त्या सकाळी आई एसटीपर्यंत आली, बाप आला नाही. तो देवळापुढं उभा राहून सनई वाजवत होता. आमचं घर वाजंत्र्यांचं, पालखीपुढं सनईचा मान आमचा. मी पाया पडलो तेव्हा त्यानं सनई तोंडातून काढली आणि एवढंच म्हणाला, "वाजवणाऱ्यानं गाव सोडलं की देव बहिरा होतो." मग परत वाजवायला लागला.

महादू, तू माझा धाकटा भाऊ, तेव्हा सात वर्षांचा. तुला आठवत नसेल म्हणून लिहितोय. माझ्यासारखे जे गाव सोडून आले त्यांनीही वाचावं.

बँडमास्तरनं माझे लांब हात बघून मला चेलो दिला. व्हायोलिनचा थोरला भाऊ समज, गुडघ्यांत धरून गजानं वाजवायचा. मी चौथी शिकलेला. इंग्रजी अजून येत नाही, पण पाच रेघांवर लिहिलेलं संगीत पेपरासारखं वाचतो. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "बैठ." मी उभाच. परत म्हणाले, तरी उभाच. त्यांना वाटलं, गडी बहिरा आहे. आपल्यात वाजंत्र्यानं देवळापुढं बसायचं नसतं, पाटलाच्या दारात तर नाहीच, हे त्यांना कसं कळावं? हाताला धरून त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. माझ्या लेखी मी गाव सोडलं ते त्या दिवशी.

बदल्या होत होत चंडीगडला आलो, पेन्शन झाली, इथंच राहिलो. फार सुख लागलं असं समजू नका. दोन व्हायोलिनवाले, एक व्हिओलावाला (व्हिओला म्हणजे त्या भावांतला मधला) आणि मी, असे चौघं जमलो. मोठमोठ्या कोठ्यांत, म्हणजे इथल्या बंगल्यांत, पार्ट्यांना वाजवलं. लोक कबाब खात गप्पा मारायचे. एकदा एक बाई येऊन म्हणाली, "अंकलजी, थोड़ा धीरे, बात नहीं हो पा रही." चौघांतले दोघं वारले, एक कॅनडाला मुलाकडं गेला.

आता सेक्टर चौतीसला एका कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत शिकवतो. पोरांना गज धरता यायला लागला की आया येतात, "मास्टरजी, एग्ज़ाम है, दो महीने छुट्टी." पोर परत दिसत नाही. एका मराठी कर्नलची मुलगी टिकलीय. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदी. चेलोच्या वाट्याला बहुतेक साथच येते, मुख्य चाल व्हायोलिनकडं. परवा म्हणाली, "आजोबा, इसमें मेन ट्यून कब आएगी?" म्हटलं, "बाळ, मीपण पन्नास वर्षं तिचीच वाट बघतोय." हसली. मी नाही हसलो.

पेन्शनच्या वर्षी चेलो घेऊन यात्रेला आलो होतो. बापाला ऐकवायचं होतं, बाकी कुणाला नाही. शाळेतली खुर्ची आणून देवळापुढं मांडली आणि बसलो. पंच म्हणाले, "वाजंत्र्याचा पोरगा देवापुढं खुर्चीवर? उभा राहून वाजव."

"हे उभ्यानं वाजत नाही."

"मग असलं शिकलासच कशाला?"

माणसं फिदीफिदी हसली. मी बापाकडं बघितलं. जन्मभर पाय सुजेपर्यंत उभं राहून वाजवलेला माणूस तो. म्हणाला, "ऱ्हा की रं उभा. झिजतोस का काय?"

वाद्य पेटीत घातलं आणि मिळेल त्या गाडीनं निघालो. बाप वारला तेव्हाही आलो नाही. फौजी मग्रूर आहे म्हणाले लोक. आहेच. पंचांचं मला काही वाटलं नाही. बापानं त्या दिवशी नुसतं "बस" म्हटलं असतं, तर मी परत चंडीगडला आलोच नसतो.

आणि आता तुझा फोन. तुझा दम गेलाय, पोरं पुण्याला कंपनीत, सनई धरायला कुणी नाही. यंदा आपल्या घरातलं कुणी वाजवलं नाही तर मान शेजारगावच्या बँजो पार्टीला जाणार. "दादा, काहीही वाजव, पण ये. पंचांनी खुर्ची कबूल केलीय. फक्त मंडपाच्या मागं बसायचं म्हणत्यात."

जेवायला आपण जन्मभर मागंच बसलो, महादू. वाजवायला तरी पुढं होतो. आता तेही मागं? ते बँजोवाले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वाजवत येतील, त्यांना कोण उठवणार आहे?

इथं मी खोलीत शिरलो की पोरं उठून उभी राहतात, मी बसल्यावर बसतात. त्या खोलीला मी घर म्हणत नाही. पण घर म्हणून बोलावतोस तर माझं ऐक. देवळापुढं, बरोबर समोर, दोन खुर्च्या मांड. एकीवर मी बसून वाजवीन. दुसरीवर तू बसायचं, रिकाम्या हातानं, सगळ्या गावादेखत. गावातली तेवढी दोन खुर्च्यांची जागा मला घर म्हणून पुरे.

पंच हो म्हणतीलही, मान शेजारगावाला जाऊ नये ही त्यांचीही अडचण आहे. तू बसशील का, तेवढं कळव.